ऐनवेळचा विषय : कन्नड ते येडशी, पाच दिवस

शुक्रवार, २४ जानेवारी २०२५

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक माणूस शेळीचा कान घेऊन आला होता. नुसता कान. किराणा दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि त्यात कर्ज देताना आम्हीच मारायला लावलेला पिवळा बिल्ला. शेळी बिबट्यानं नेली होती, शिवारभर हिंडून त्याला सापडलं ते एवढंच. विम्याचा अर्ज मीच भरून दिला. महिन्याभरानं अर्ज परत आला : शवविच्छेदनाचा दाखला जोडलेला नाही. कानाचं शवविच्छेदन कसं करतात, असं त्या माणसानं मला विचारलं. मी दाजींना विचारलं, कारण दाजी तेव्हा पशुधन विकास अधिकारी होते. दाजी हसले नाहीत. "त्यानं आधी वनखात्याला कळवायला पाहिजे होतं, तेही लगोलग," म्हणाले. "तुझ्याकडं तो कितव्या दिवशी आला?"

आठव्या.

त्यानं पुढं शेळ्याच विकून टाकल्या. मी अजून कर्ज विभागातच आहे आणि शेळीपालनाची फाईल समोर आली की मला तो कान आठवतो. दाजी आता निवृत्त झालेत. येडशीच्या रानात पट्टेरी वाघ आलाय हे पेपरात आल्यापासून त्यांना घरात चैन पडेना. "चल," म्हणाले, "सगळा मराठवाडा वळसा घालून येडशीला जाऊ. वाघ दिसणार नाही, माणसं दिसतील."

आता येडशी लातूरहून तास-दीड तासाची वाट. तिथं पोचायला आम्ही पाच दिवस लावले. ताईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, वर दाजींना ऐकवलं, "जंगलात जाताय, पण बीपीची गोळी विसरू नका." गोळी विसरलीच. गेवराईत मेडिकलवाल्याला उठवलं.

शहागडला गोदावरी ओलांडली, दुपारी वेरूळचा घाट चढून कन्नडला आलो. गौताळा औट्रामघाट अभयारण्य इथून सुरू होतं. १९८६ चं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं, बरंचसं घाटाच्या वर, बाकीचं चाळीसगावकडं खाली उतरलेलं. बिबट्या इथं पिढ्यान्‌पिढ्यांचा. २०२१ च्या मार्चमध्ये मात्र इथल्या कॅमेऱ्यात पट्टेरी वाघ आला, कित्येक दशकांनी. तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. त्याच्या आधी, २०१९ ला, टिपेश्वरचाच आणखी एक वाघ गळ्यात कॉलर घेऊन नांदेड-हिंगोलीच्या कापूस-तुरीतून चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला होता. सगळी चाल मोजली तर ३,००० किलोमीटरच्या घरात भरली.

मला त्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटतं. एवढी चाल म्हणजे किती हजार माणसांची वावरं! त्यातल्या बहुतेकांना पत्ता लागला नाही. ज्यांना लागला त्यांतल्या बहुतेकांनी बैल आत बांधले आणि सकाळ व्हायची वाट बघितली. हे त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही आणि कुठल्या रजिस्टरात त्याची नोंदही नाही.

संध्याकाळी हिवरखेड्याच्या अंगाला एका वस्तीवर चहा झाला. तिथले आजोबा शेळ्या राखतात. बिबट्याचा काय अनुभव, असं मी अगदी मुलाखत घेतल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "अनुभव कसला? साडेपाचची गाडी गेली की शेळ्या खाली. गाडी हीच आमची घंटा." मग थोडं थांबून, "आता ती गाडी बंद झाली. तवापासून येळ चुकती. मागल्या साली दोन गेल्या."

"तक्रार केली?"

"कशाची? गाडीची का बिबट्याची?"

शनिवार, २५ जानेवारी

सकाळी अभयारण्यात दोन तास फिरलो. मोर दिसले, भेकराची लेंडी दिसली, दाजींना तडसाची विष्ठा सापडली. हाडं खाऊन पांढरी पडलेली. ती त्यांनी काडीनं उकलून मला इतक्या प्रेमानं दाखवली की मला धपाटे नको झाले. लेण्या बघायला थांबलो नाही. पुढचा पल्ला मोठा होता.

पैठण तालुक्यातून जाताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. २०२० च्या नोव्हेंबरात इकडं बाप-लेक बिबट्याच्या हल्ल्यात गेले. नंतर त्याच महिन्याच्या शेवटी आष्टी तालुक्यात आठवड्याभरात तिघं. डिसेंबरात तो सोलापूरच्या हद्दीत, करमाळ्याला. तिथंही माणसं मेली आणि १८ डिसेंबरला त्याला गोळी घातली. आष्टीपासून एकच जनावर होतं असं म्हणतात. पैठणचंही तेच होतं का, यावर माणसामाणसाचं मत वेगळं. त्या दिवसांत बीड जिल्ह्यात मी कर्जवसुलीला होतो. तुरी वाळून शेंगा फुटत होत्या आणि कापणीला बाई मिळत नव्हती. कापूस बोंडात लोंबत होता. रात्रीची लाईट आली तरी मोटार चालू करायला कुणी जात नव्हतं. आमच्या वसुलीचं त्या वर्षी काय झालं ते सांगत नाही, पण बिबट्या हा 'थकबाकीचं कारण' या रकान्यात मी पहिल्यांदाच लिहिला.

शेवगाव, पाथर्डी करत आष्टीत शिरलो तेव्हा दिवस कलला होता. दाजींच्या ओळखीचा एक वनरक्षक इथं आहे. तिशीच्या आतला, अंगानं काटक. त्याच्या बीटात किती गावं येतात ते त्यानं बोटांवर मोजायला घेतलं आणि दुसऱ्या हातावर गेला. आम्ही त्याच्या खोलीवर टेकतोय तोवर फोन वाजला. एका आखाड्यावर शेळी मारली होती. "चला, पाव्हण्यांना जेवणाआधी पंचनामा दाखवतो," म्हणाला.

शेळी उस्मानाबादी, काळीभोर, गाभण. गोठ्याच्या मागं ओढत नेऊन टाकलेली. भोवती आठ-दहा माणसं, मोबाईलच्या बॅटऱ्या. सगळ्यांच्या तोंडी 'वाघरू'. इकडं बिबट्याला वाघच म्हणतात आणि भीतीच्या वेळी वाघरू. वनरक्षकानं आधी सगळ्यांना मागं सारलं, कारण पायांच्या गर्दीत ठसा राहत नाही. मग त्यानं दाजींकडं बघितलं.

दाजी खाली बसले. तांब्याभर पाणी मागितलं आणि शेळीच्या नरड्यावर ओतलं, रक्त धुऊन काढलं. बोटांनी केस उलटे सारत गेले, गवतात सुई शोधावी तसे. बिबट्या नरडं धरतो. दोन खोल भोकं, त्यांच्यामध्ये दोन बोटं मावावीत एवढी जागा, आणि खालच्या अंगाला तशीच दोन. धरलं की सोडत नाही, म्हणून बाकी कातडं फारसं फाटत नाही. या शेळीचं नरडं कोरं होतं. मागचे पाय मात्र चिंध्या झालेले, कासेचा लचका तोडलेला, एक कान फाटलेला, पोटावर उथळ दात दहा ठिकाणी. दाजींनी मान वर केली, पण बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. तिथल्या निम्म्या लोकांना ते आधीच ठाऊक होतं.

शेळीची मालकीण विधवा, पन्नाशीची. ती वनरक्षकाला म्हणाली, "दादा, कुत्र्याचं लिवू नका."

बिबट्यानं, लांडग्यानं, तडसानं मारलं तर सरकार भरपाई देतं. कुत्र्यानं मारलं तर काही नाही. शेळी तीच, पोटातली करडंही तीच. दात कुणाचे यावर सगळा हिशेब. माझ्या डोळ्यांपुढं ती कानाची पिशवी आली.

वनरक्षकानं जे दिसलं तेच लिहिलं. पण लगेच निघाला नाही. गोठा बघितला. तीन बाजूंनी भिंत, चौथीकडं तुराट्यांचं कूड, वर आभाळ. मालकिणीच्या पोराला बरोबर घेऊन त्यानं पडून असलेली कांदाचाळीची जाळी कुडाला आतून बांधली, वरचंही थोडं झाकलं. तासभर गेला. परत येताना मोटरसायकल थांबवून तो आम्हाला म्हणाला, "खोटं लिहिलं असतं तर उद्यापासून तालुक्यातली प्रत्येक शेळी बिबट्यानंच मारली असती. खरं लिहून तसाच उठलो असतो तर बिबट्या खरंच आला त्या दिवशी मला फोन आला नसता. आला असता तो पोरांचा व्हिडिओ. मला फोन आला पाहिजे, साहेब. माझी सगळी नोकरी त्या फोनवर आहे."

हे वाक्य मी मोबाईलमध्ये टिपून ठेवलं. त्यानंतर पिठलं-भाकरी.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन, लेकरांची भाषणं, जिलेबीचे पुडे. मग ग्रामसभा. गावाचं नाव लिहीत नाही, सरपंचांनी तसं सांगितलंय.

गाव अर्धं रिकामं होतं. दिवाळीनंतर कोयता उचलून निम्मी घरं कारखान्याला गेलेली. मागं राहिलेत म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि ज्यांना काम झेपत नाही असे. ग्रामसेवकानं विषयपत्रिका वाचली : जमाखर्च, घरकुलं, पाणीपट्टी, नळयोजना. बिबट्याचं नाव नाही. दोन महिन्यांत तीनदा दिसलेलं जनावर शेवटी 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली आलं, स्मशानभूमीच्या पत्र्यांनंतर.

पहिली मागणी पिंजऱ्याची. ती होणारच. २०२० ला या तालुक्यात पिंजरे, ड्रोन, बाहेरून आलेली पथकं असं सगळं बघितलेलं आहे आणि तेव्हा लोकांना एकच प्रश्न विचारला गेला होता : पिंजरा कुठं ठेवू? त्यामुळं आपण बोलायचं ते पिंजऱ्यावरच, हे अंगवळणी पडलंय.

दाजींना राहवलं नाही. पाहुणे असून उभे राहिले. जुन्नरची गोष्ट सांगितली. २००१ पासून तिथं बिबटे धरधरून लांब नेऊन सोडायला सुरुवात झाली. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला, तर आधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, सोडायला लागल्यावर सतरा झाले. जागा माहीत नाही, पाणी कुठं ते माहीत नाही, माणसाच्या हातचा मार खाल्लेला, असा बिबट्या अनोळखी शिवारात सोडला की तो काय करणार? आणि इकडं त्याची रिकामी जागा दुसरा घेतो. "पिंजऱ्यात बिबट्या सापडतो," दाजी म्हणाले, "पण तुम्हाला पाहिजे तोच सापडंल असं काही नाही."

मागून एक पागोटेवाले उठले. "मग जुन्नरचे आमच्यात आणून सोडले ते तुम्हीच का?"

सभा हसली, पण हे हसण्यावारी न्यायचं नव्हतं. वनखात्यानंच गाडीतून आणून सोडले, ही समजूत मी कन्नडपासून ऐकत आलो होतो. वनरक्षकानं हात जोडले, सोडलेले नाहीत म्हणाला. पटलं कुणाला असं दिसलं नाही. मला वाटतं, ज्या खात्यानं एकदा न विचारता काही केलं, त्यानं पुढं काही केलं नाही तरी लोक ते केलं असंच धरून चालतात.

मग एक आजी बोलल्या आणि सभेचा रंग पालटला. बसूनच बोलल्या. "पिंजरा ठिवा नायतर नका ठिवू. वस्तीपासून साळंपर्यंत तीन डांब हैत आन् एकावर बी बल्ब न्हाई. चिकनवाला पिसं आन् आतडी वढ्यात टाकतो, तिथं गावची कुत्री बसत्यात. वाघरू कुत्र्यापाठी येतंय. आन् लाईट आठवडाभर रातची देत्यात. माझं पोरगं रातीचं गव्हाला दारं धरतंय, वाकून. ते वाघराला माणूस दिसतंय का वासरू?"

अत्रेय यांच्याच पथकानं नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या ऊस-शिवारात अभ्यास केला होता. शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे, आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा. आजींनी तो शोधनिबंध वाचलेला असण्याचं कारण नाही. वढ्याच्या काठाला त्यांचं घर आहे.

ठराव झाले. डांबांचे बल्ब, चिकनच्या कचऱ्याला खड्डा, दिवसा थ्री फेज मिळावी म्हणून वीज कंपनीला अर्ज. वनरक्षकाचा नंबर शाळेच्या भिंतीवर ऑईलपेंटनं लिहायचा, त्याखाली वनखात्याचा १९२६. पिंजऱ्याचाही ठराव झालाच. तो नसता झाला तर सभा झाली असं गावाला वाटलं नसतं. माणूस गेला तर मिळणाऱ्या २५ लाखांची चौकशी एका पोरानं केली. काही रक्कम हातात आणि बाकीची मुदत ठेवीत, एवढं मी बँकवाला म्हणून सांगितलं. पुढं कुणी विचारलं नाही.

दुपारी आजींच्याच घरी गेलो. त्यांची सून गुडघ्यामुळं यंदा कोयत्याला गेलेली नाही. आधीची बारा वर्षं नवरा-बायकोनं जुन्नर, शिरूर, संगमनेर केलेलं. म्हणजे बिबट्याच्या उसातच संसार. पाचटाची कोपी, तिला ना दार ना कडी. तिच्याकडून जे ऐकलं ते मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. फडात शिरताना ताटल्या वाजवायच्या. तोड चारी बाजूंनी घ्यायची नाही, एक कड मोकळी सोडायची, म्हणजे आत कोण असंल त्याला जायला वाट राहते. लेकरं कोपीत मधोमध निजवायची, कडेला मोठी माणसं.

"एकदा सरी तोडताना पिल्लं घावली," ती म्हणाली. "तीन. मांजरीएवढी. डोळं नुस्तं उघडल्यालं. मुकादमानं फड बंद केला. वनवाले आले, टमाट्याच्या कॅरेटात पिल्लं ठिवली, जिथं घावली तिथंच, वर फळी. आमाला सांगितलं, कुणी फिरकायचं न्हाई. रातीला ती आली. एकेक करून तोंडात धरून घिऊन गेली. सकाळी मशीनवर दाखवलं आमाला."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. माझी दोन कोपीत निजली व्हती." तिनं चुलीत काडी सारली. "पर ती पिल्लं दुसरीकडं नेली असती तर तिनं रातभर फड धुंडला असता. मग आमी कुठं जायाचं?"

जुन्नरजवळच्या माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र आणि वनखातं पिल्लं अशी आईपाशी परत करतात हे मी वाचलेलं होतं. त्या कॅरेटच्या दुसऱ्या बाजूला बीड जिल्ह्यातली बाई उभी असते हे लक्षात आलं नव्हतं. आणि मग हेही लक्षात आलं की २०२० च्या नोव्हेंबरात, या तालुक्याला बिबट्या म्हणजे काय हे कळणं सगळ्यांत गरजेचं होतं तेव्हा, ज्यांना तो कळत होता ती माणसं कोयता घेऊन नेमकी गावाबाहेर होती.

सोमवार, २७ जानेवारी

जामखेड, खर्डा, भूम. खर्ड्याचा किल्ला गाडीतूनच बघितला. १७९५ ला इथं मराठ्यांनी निजामाला हरवलं, हे दाजींनी प्रत्येक वेळी सांगायचं आणि मी प्रत्येक वेळी 'हो का' म्हणायचं असं ठरलेलं आहे.

भूमच्या पुढं माळ लागतो. कुसळी गवत, मधेच हरभऱ्याचा तुकडा, उघडा खडक. सरकारदरबारी याला पडीक म्हणतात. लांडग्याच्या लेखी मात्र हेच घर. झाडी त्याला नकोच असते. कायद्यानं त्याला वाघाइतकंच संरक्षण, पण त्याच्यासाठी सफारी निघत नाही, नट-नट्या फोटो काढून घ्यायला येत नाहीत.

एका वावरात मेंढरं बसलेली दिसली आणि दाजींनी गाडी घातली. धनगराचा वाडा : दोन घोडी, कोंबड्यांची डालगी, वाघरीच्या जाळीत कोकरं. शेतकऱ्यानं खतासाठी तीन रात्री मेंढरं बसवून घेतलेली, रात्रीला ठरल्याप्रमाणं धान्य. कारभारी साठीचे, लाल पटका. दाजींना बघताच म्हणाले, "या डागदर, मेंढरं आजारी न्हाईत आज." हातात घोंगडं दिलं बसायला.

लांडग्याचं विचारलं. "काल रातीच व्हतं की," ते म्हणाले, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं. "त्याचा वाटा असतोय. साल दोन साल लांडगं फिरकलंच न्हाई तर आमची म्हातारी म्हणायची, वाड्याला कायतरी खोट हाय." याचा अर्थ ते बघत बसतात असा नव्हे. कुत्री आहेत, रात्रभर आळीपाळीनं जागणं आहे, आरोळी आहे. लांडगं येतं ते बहुधा दुबळं कोकरू बघून, आणि कुठलं कोकरू दुबळं आहे हे त्यांना लांडग्याच्या आधी ठाऊक असतं. राग आहे तो दुसऱ्यांवर. हिवाळ्यात लांडगीची पिल्लं बिळात असतात आणि गावातली पोरं बिळात धूर करतात. "पिल्लं मेली की ती येडी व्हती. मग ती भूक बघत न्हाई, दहा मेंढरं फाडून टाकती."

मी माझं पुस्तकी ज्ञान काढलं. स्वीडनमध्ये सामी लोक रेनडिअर पाळतात. १९९६ पासून तिथं मेलेल्या रेनडिअरवर भरपाई नाही, त्या भागात हिंस्र जनावरांची वीण किती झाली त्यावर पैसे मिळतात. पिल्लं जगली तर पैसे. मग शव शोधा, दात मोजा, ही भानगडच नाही.

कारभाऱ्यांनी हे मन लावून ऐकलं. "म्हंजी लांडगीनं चार घातली तर चाराचं?"

"साधारण तसंच."

"मग गावातली पोरं धूर करायच्या ऐवजी राखण करतील." ते खुशीत आले, आणि लगेच पडले. "पर पैशे त्या पोरांला मिळतील. आमाला न्हाई."

का, असं विचारलं नाही, कारण तेवढ्यात मी दुसरं उदाहरण काढून बसलो होतो : हिमाचलातल्या स्पितीतलं किब्बर गाव. तिथं हिमबिबट्याच्या मुलखात गावकरी स्वतः वर्गणी काढून जनावरांचा विमा चालवतात. कुणाचं जनावर खरंच गेलं ते गावाची समितीच ठरवते. बिल्ला नको, कान नको. मला बँकवाल्याला हे फार आवडतं.

"समिती कुठल्या गावची?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्याच गावची."

"आमचं गाव कुठलं?" ते हसत होते, पण नजर माझ्यावर रोखलेली. "आठ म्हैने आमी वाटंला. ह्या गावची समिती म्हणंल तुमी त्या गावचे, ती म्हणंल ह्या गावचे. मेंढरू मेल्याला फारिष्टवाला यायला दोन दिस, आमाला उद्या वाडा हलवायचाय. मेल्यालं मेंढरू बगलंत मारून न्यायचं का?"

दाजी मान खाली घालून घोंगड्याची दशी चाळवत होते. लोकसहभाग म्हटला की डोळ्यांपुढं गाव येतं, सरपंच येतो, पाराचा कट्टा येतो. लांडग्याबरोबर सगळ्यांत जास्त रात्री काढणारी माणसं त्या कट्ट्यावर कधी बसलेलीच नसतात.

निघताना त्यांनी कोकराला दूध पाजायची बाटली दाखवली. तिच्यावर खोकल्याच्या औषधाचं लेबल. कुंथलगिरीच्या फाट्यावर पेढे घेतले, ताईसाठी अर्धा किलो. त्यातला पाव वाशीला पोचेपर्यंत संपला.

मंगळवार, २८ जानेवारी

तेरखेड्यात हायवेच्या दोन्ही बाजूंनी फटाक्यांची दुकानं. एका दुकानदारानं सांगितलं, दिवाळीनंतर धंदा बसतो, पण यंदा सुतळी बॉम्ब जानेवारीतही जातोय. गिऱ्हाईक कोण? "वाघवाले." रात्री पाणी द्यायला निघालेले शेतकरी.

येडशी-रामलिंगघाट अभयारण्य १९९७ चं, जेमतेम २२ चौरस किलोमीटर. एका जवान नर वाघाला ही ओसरीसुद्धा पुरत नाही. डिसेंबरात इथल्या कॅमेऱ्यात तो आला, पुन्हा टिपेश्वरचाच, आणि तेव्हापासून येडशी आणि बार्शीकडची शिवारं यांच्यात त्याची ये-जा आहे. गाई, वासरं मारली, माणसाच्या वाटेला गेलेला नाही. पकडायला ताडोब्याहून पथक आलं, तो हाती लागत नाही. रामलिंगाच्या देवळात मात्र गर्दी तशीच. इथं जटायूनं रावणाला अडवलं म्हणतात, त्याची समाधीही दाखवतात. माकडं प्रसाद हिसकावतात. नारळवाली म्हणाली, वाघ आल्यापासून बाहेरचं गिऱ्हाईक वाढलंय.

वाघ न्यावा की ठेवावा, यावर हॉटेलात दोन टेबलांवर दोन मतं होती. एकाची दुभती गाय गेलेली, तो पहिल्या टेबलावर. दुसऱ्यावरचा म्हणत होता, रानडुकरांनी हरभरा ठेवला नाही, वाघ राहू द्या. त्याचा गोठा सिमेंटचा आहे, हे पहिल्यानं लगेच सुनावलं. पथकानं काय करायचं, यावर दोघांनाही कुणी विचारलेलं नव्हतं. एवढ्यावर मात्र एकमत झालं आणि चहाचे पैसे दोघांनी मिळून दिले.

उन्हं उतरताना घाटाच्या वरच्या अंगाला एक माणूस शेळ्या खाली आणताना भेटला. चाळिशीचा, खांद्यावर कुऱ्हाड, कमरेला की-पॅडचा मोबाईल. शेळ्या मोजत होता, आम्ही बोलायला गेलो तर हातानं थांबवलं. एकतीस झाल्यावर बोलला. वाघ आला म्हणून इकडं चारायचं सोडलं नाही, फक्त ओढ्याकडं जात नाही आणि लवकर फिरतो.

बोलता बोलता फोन वाजला. त्यानं पाठ फिरवली तरी ऐकू येत होतं. "हां साहेब... न्हाई, आज हिकडं न्हाई. वानरं सकाळी वरल्या अंगाला वरडत व्हती, मग गप झाली. बार्शीच्या बाजूला उतरलं असंल... हां. सांगतो."

"वनखात्याचा?" दाजींनी विचारलं.

"रोज येतोय, संध्याकाळी. पयल्यांदा मीच लावला हुता." त्यात विशेष काही आहे असं त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी कुठला, काय करतो हे त्यानं विचारलं. बँकेत म्हटल्यावर पहिल्यांदा थांबून माझ्याकडं नीट बघितलं. शेळ्यांना कर्ज मिळतं का अजून? मिळतं. विमा? काढावाच लागतो. मग बिल्ला मारायला डॉक्टर येतात, कानात.

"कानातच मारावा लागतोय का?"

"कानातच."

त्यानं शेळ्यांकडं बघितलं. एक करडू दाजींच्या पिशवीतल्या पेढ्यांच्या खोक्याला तोंड लावत होतं.

"शिंगाला न्हाई का जमत?" तो म्हणाला.